आखाजीच्या आत काच धुणारच

सोमवार, ता. ११ एप्रिल १९६६
मेहुण्याला, रंगरावला, जळगाव जामोदला पत्र टाकलं. लिहिलं की, यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमच्या बहिणीला एसटीनं नव्हे, स्वतःच्या मोटारीनं घेऊन येतो. तारीख २३. पत्र पेटीत टाकण्याआधी पोस्टाला दोन फेऱ्या मारल्या. पण पडलं.

बायकोची, गोजरबाईची, अट एकच. समोरची काच दिसली पाहिजे. गेल्या खेपेला बीबी गावाच्या रस्त्यावर बैलगाड्यांच्या धुळीनं काच आंधळी झाली आणि मोटार कडब्याच्या गंजीत शिरली. माझ्या मते गंजी रस्त्याच्या फार जवळ होती. तेव्हापासून ही मोटारीत बसत नाही.

मोटारीला काच धुण्याची सोय आहे. विलायती गाडी, १९५१ सालची. बटण दाबलं की बॉनेटखालच्या बाटलीतलं पाणी दोन तोट्यांतून काचेवर उडतं आणि वायपर ते पुसून काढतो. पुस्तकात चित्र आहे. पुस्तक इंग्रजी आहे, पण चित्रं मला समजतात. आमच्याकडे आल्यापासून पाणी उडालेलं नाही. दोन दिवसांचं काम.

मंगळवार, ता. १२
बॉनेट उघडलं. बंद केलं. ऊन फार होतं.

बुधवार, ता. १३, दुपार
रबरी नळ्या कुजल्या होत्या. हात लावताच शेवयांसारख्या तुटल्या. सायकलवाल्या किसनरावाकडून व्हॉल्व्हट्यूब आणली आणि स्वतःच्या हातानं जोडली. बटण दाबलं. पाणी आलं. गाडीच्या आत आलं, माझ्या पायावर. पण आलं, हे महत्त्वाचं. निम्मं काम झालं असं धरतो.

धोतर ओलं काऊन आहे, असं गोजरबाईनं विचारलं. तिचा सूर बरोबर नव्हता म्हणून उत्तर दिलं नाही.

शुक्रवार, ता. १५
बीबीहून उकंडराव मेकॅनिकला बोलावलं. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करतो, पण मशीन शेवटी मशीन. त्यानं नळीत फुंकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊसाहेब, बाटलीची नळी तोटीले लावा लागते. तुमी तर सारं उलटं लावून राह्यले."
मी म्हणालो, तेही बघायचंच होतं.

त्यानं बदल केला आणि पाणी उडालं. पण काचेवर न पडता टपावरून पलीकडे गेलं. मागे पुंजाजी, आमचा सालदार गडी, कापडानं डिकी पुसत उभा होता. तो म्हणाला, "मालक, माही आंगोय झाली." उकंडरावानं टाचणीनं तोट्या खाली वळवल्या. मग धार बरोबर काचेच्या मध्यावर! जाताना बजावून गेला, "साधं गाळलेलं पानी भरा. अन् आता हात नोका लावू."

शिकलेला माणूस असं बोलला नसता. साध्या पाण्यानं चिकट धूळ निघते होय?

रविवार, ता. १७, सकाळ
युक्ती सुचली. लोणारच्या तळ्याचं पाणी! त्यात इतका खार की इकडच्या बाया त्यात कपडे धुतात, साबण लागत नाही. विलायतेत मोटार करणाऱ्यांजवळ असं तळं नाही, म्हणून त्यांना सुचलं नसेल. पुंजाजीला पाठवून दोन डबे आणवले. बाटली भरली. बारा वेळा बटण दाबलं. काच अशी झाली की आहे का नाही ते कळेना.

गोजरबाई हात पुसत बाहेर आली. दार उघडून पुढच्या सीटवर बसली. चांगली पाच मिनिटं बसली. रस्त्याकडे पाहत म्हणाली, "दिसते बाप्पा."
मी लगेच उतरून पलीकडे गेलो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

त्याच दिवशी, दुपार
पाणी वाळलं. काचेवर पांढरी साय धरली आहे. खरवडून निघेना. यंदा ऊन जास्तच आहे.

सोमवार, ता. १८
दोन्ही तोट्या बुजल्या. घाबरलो नाही. फक्त दोनदा पाणी प्यालो. पितळेचा डाग चिंचेनं निघतो, आणि तोट्या पितळेच्याच आहेत. बाटलीत चिंचेचा कोळ ओतला. गाळायला हवा होता, पण फडकं स्वयंपाकघरात होतं आणि तिथे गोजरबाई होती.

आता बटणच आत जात नाही.

पुंजाजीनं बाटलीत डोकावून पाहिलं. म्हणाला, "मालक, आता मीठ-मिरची टाका, सार होते." माणूस जुना आहे म्हणून ऐकून घेतो.

बुधवार, ता. २०
उकंडराव आला. बाटली पाहिली, वास घेतला आणि ओट्यावर जाऊन बसला. मग विचारलं, "हे कोनं केलं?" मी पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजीनं माझ्याकडे पाहिलं. उकंडराव म्हणाला, "समजलं."

बटणामागच्या पंपातलं रबर फुगलं आहे. अकोल्याहून आणावं लागेल. आखाजीच्या आत होत नाही.

रंगरावला कार्ड लिहिलं की मोटार जमत नाही. फाडलं. अक्षर चांगलं आलं नव्हतं.

शुक्रवार, ता. २२, संध्याकाळ
गोजरबाईनं पिशवी भरली. भावासाठी शेवया, वहिनीसाठी खण. एवढंच विचारलं, "उद्या कशानं?" मी म्हणालो, पाहू.

खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवता येते का, हे ओढ्यापर्यंत जाऊन पाहिलं. येते. परत येताना डोळ्यात चिलट गेलं आणि मोटार बाभळीजवळ थांबली. बाभळीला विशेष लागलं नाही. घरी आलो तर गोजरबाई पुंजाजीला सांगत होती, पहाटे बैलगाडी जुंप, एसटी गाठायची आहे. मला पाहून दोघं गुरांच्या पाण्याचं बोलू लागले.

निर्णय घेतला. सुरक्षिततेच्या दृष्टीनं एसटी. मीही जाणार. पत्रात 'घेऊन येतो' असं लिहिलं आहे, तेवढं तरी खोटं ठरू नये.

शनिवार, ता. २३, आखाजी. मुक्काम जळगाव जामोद
मेहकरला एसटी बदलली, खामगावला पुन्हा बदलली. नांदुऱ्याच्या पुढे धूळ फार झाली. ड्रायव्हरनं गाडी उभी केली, उतरला, डब्यातलं पाणी काचेवर मारलं, खांद्यावरच्या फडक्यानं पुसलं आणि पुन्हा चढला. सगळं मिळून एक मिनिट. पद्धत शास्त्रीय नाही. गोजरबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही.

गावाच्या तोंडाशी एसटी एकदम थांबली. रस्त्याच्या मधोमध रंगराव, त्याची बायको सत्यभामाबाई आणि आळीतली पंधरा-वीस माणसं उभी. हातात नारळ, आणि बॉनेटला पुरेल एवढा झेंडूचा हार. सकाळपासून मोटारीची वाट पाहत होते. रंगराव खिडकीशी आला. "दाजी! मोटार मागून येऊन राह्यली काय?"
मी म्हणालो, काचेचं काम चालू आहे.

हार आता कोणाला घालावा हे त्यांना कळेना. शेवटी सत्यभामाबाई म्हणाली, "आखाजीच्या दिवशी हार वापस नेऊ काय? घाला याले!" मग सगळे हसत पुढे सरकले. एसटीच्या चाकाशी नारळ फोडला. कंडक्टरनं हात जोडले. सगळ्या उतारूंना खोबरं मिळालं. ड्रायव्हरला दोनदा.

हार माझ्या खिडकीवरूनच पुढे, एसटीच्या बॉनेटवर गेला. येताना दिसला तेव्हा मी मान जराशी बाहेर काढून वाकवली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही.

गोजरबाईनं पदर तोंडाशी धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. धुळीनं ठसका लागला असावा.