डॉक्टर वार विचारतात तेव्हा

जुना जालना
१७ ऑगस्ट १९९४

प्रिय साखरा,

तुझ्यापुढे हात टेकले बाई. तुझे यजमान संपतराव परवा भोकरदनहून येऊन सांगून गेले. बाळ गेल्यापासून तू धड जेवत नाहीस, झोपत नाहीस, आणि सोमवारी इथे डोक्याच्या डॉक्टरकडे यायलाही तयार नाहीस. का, तर 'मी काय येडी हाय का?' वेडी असतीस तर एवढे बहाणे सुचले नसते.

तिथे बांधून ठेवतात, हे तुला शेजारच्या गोजरबाईनेच सांगितलं असणार. तिने असला डॉक्टर कधी पाहिलाय का? टेबल असतं, खुर्ची असते आणि प्रश्न फार असतात. झोप लागते का, माहेरी कुणाला असं झालं होतं का, कुणी नसताना आवाज ऐकू येतात का. मध्येच आज वार कोणता, असंही विचारतात. तेव्हा फणकारून उठू नकोस, सगळ्यांनाच विचारतात.

आणि भावकी सोबत आणू नकोस. माझ्या वेळी सासूबाईंनी मला नवं पातळ नेसवलं, जीपभर माणसं घेतली. मीही पाहुणे बघायला आल्यासारखी मान खाली घालून नाव, माहेर, शिक्षण सांगून मोकळी झाले. झोपेचं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, 'तिला काय इचारता, मी सांगून राह्यले ना, बिलकुल बराबर झोपती.' भुकेचं विचारलं तर मामंजींनी स्वतःचीच भूक सांगितली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. त्या अपमानाचा विषय घरात अजून निघतो.

हो, मी गेले होते, माझी धाकटी लेक झाली त्यानंतर. तेव्हा तुझं लग्न जमत होतं. सोयरीक मोडेल म्हणून आईने मला गप्प बसवलं.

दार लागल्यावर बाईंनी शांतपणे विचारलं, जीव द्यावासा वाटतो का. घरात सगळ्यांनी सगळं विचारलं होतं, एवढंच सोडून. मी हो म्हणाले. त्या घाबरल्या नाहीत. पाणी दिलं, रडू दिलं, मग गोळ्या लिहून दिल्या आणि पुन्हा बोलावलं. संपतराव म्हणाले, तू हल्ली विहिरीच्या काठावर एकटीच बसून असतेस. म्हणून हे लिहिलं. तोवर पाणी त्यांना आणू दे, तू तिकडे फिरकू नकोस. सोमवारी पहिल्या गाडीने त्यांच्यासोबत ये, मी स्टँडवर उभी असेन. आत तू एकटीच जा. तो प्रश्न आला की खरं सांग. मला तू हवी आहेस, साखरा.

तुझ्यावर चिडलेली, तुझीच
सुगंधाक्का