जिनिंगच्या छपरातला उजेड

मंगळवार, संध्याकाळ

अजून अंगावर काटा आहे. कळंबच्या जुन्या कापूस जिनिंग कारखान्याची अभ्यासिका करतेय. उंच छपराखाली नवं छत घालून त्यात दिवे बसवायचे, हे मीच ठरवलेलं. आज गवंड्यांनी छपराच्या उत्तरेकडच्या काचांवरचे गंजके पत्रे काढले आणि दालनभर एकसारखा उजेड उतरला. कुठंच सावली नाही! पूर्वी बायका इथं बसून डागाळलेला कापूस वेगळा काढायच्या. त्यांच्या डोळ्यांसाठी बांधलेला उजेड, इतकी वर्षं झाकलेला?

कामावरच्या गोदाकाकू फाटका पदर शिवत होत्या. एरवी सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेतात. आज स्वतःच ओवला, पहिल्याच फटक्यात. वर न बघता म्हणाल्या, "ताई, लाइट लावली व्हय? ऱ्हाऊ द्या, बंद नका करू."

वीज अजून जोडलेलीच नाही. नवं छत रद्द.