खड्ड्यातला मातीचा खुंट

कुवेत, ४ मार्च १९८९

केशर,

तुला अन् आईला पंडितचा जयभीम. माझी तब्येत बरी हाय, भात पोटभर मिळतो. आईचा खोकला थांबला का? चारठाण्याच्या रस्त्यावर रोजगार हमीचं तुझं काम चालूच असंल.

इथं आल्या आल्या मी एक येडेपणा केला. नाली खांदताना आपल्यासारखा मधात मातीचा खुंट ठेवला, वरच्या गवतासकट. कोरियन साहेबानं विचारलं, हे काय? मी म्हणलं, किती खोल खांदलं त्याची साक्ष, आमच्याकडं त्याच्यावरूनच ज्याची त्याची मजुरी मोजतात. तो लय हसला अन् मशीननं एका फटक्यात खुंट उडवला. आता ती मशीन मीच चालवायलोय.

पुढचं आईला वाचून दाखवू नको.

आपल्या रस्त्याचं टेंडर याच कंपनीला लागलंय. पैसा परदेशी बँकेच्या कर्जाचा, अन् काम मशीननंच व्हावं अशी बँकेची अट हाय. मी म्हणलं, साहेब, तिथं दीडशे बाया पाट्या उचलतात. तो म्हणला, म्हणून तर तुला पाठवायलोय, तुझ्यावर कुणी दगड उचलणार न्हाई.

मी हो म्हणलं.

भीमजयंतीला घरी येतो. तुला लुगडं घेतलंय, हिरवं. दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हईल, तवा तू रस्त्यावर येऊ नको. तुझा खुंट मी लांबून ओळखतो, त्याच्यावरचं गवत कधी मोडलेलं नसतं. मशीन पहिल्यांदा त्याच्यावरच घालावी लागंल, घरचाच खुंट सोडला तर बाकीच्या बाया हटणार न्हाईत.

तुझा,
पंडित