‘विधवा’ हा शब्द खोडून

मी, ज्योत्स्ना लोटन भोई, वय सहासष्ट, दूरध्वनी कार्यालयातून निवृत्त, अविवाहित, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. बुद्धी शाबूत आहे. लग्न न केलेल्या बाईचे डोके म्हातारपणी फिरते, असे माझा धाकटा भाऊ जितेंद्र गावभर सांगतो. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. देवपूरचे घर मी माझ्या पगारातून घेतले. ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यामागे ते शीतल पितांबर भोई, म्हणजे माझ्या मधल्या भावाची पत्नी, हिला पूर्ण मालकीहक्काने मिळावे. वकील राजदीप अहिरे यांनी मसुद्यात ‘कै. पितांबर यांची विधवा’ असे लिहिले होते. त्यातले ‘कै.’ आणि ‘विधवा’ मी खोडले आणि सगळे पुन्हा लिहायला बसले.

कारण लिहून ठेवते. तापीत मासा राहिला नाही तेव्हा पितांबर गुजरातच्या किनाऱ्यावर मोठ्या बोटीवर कामाला लागला. आठ वर्षांपूर्वी भर समुद्रात जाळे ओढताना तो बोटीवरून पडला. सापडला नाही. मालकाचा जबाब मी वाचला आहे: ‘तोल गेला, पडणे झाले, शोध घेण्यात आला.’ मिशनच्या शाळेत वाक्याला कर्ता नसला की सिस्टर पट्टी मारत. या जबाबात पितांबर कुठेच नाही, आणि शोध घेणाराही नाही. फोनवर मालकाचा माणूस मला म्हणाला, “खानदेश का आदमी, तैरना नहीं आता होगा.” भोयाच्या पोराला! तापीच्या पुरात उडी घेऊन वाहती लाकडे काठाला आणणारा तो.

२. गावच्या घरातला माझा हिस्साही शीतललाच. जितेंद्रला राग येईल. येऊ दे. पहिल्याच आखाजीला, पितरांना पाणी द्यायच्या दिवशी, त्याने पितांबरच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवले. घागर भरली की माणूस गेला. माणूस गेला की बायको विधवा. आणि मूलबाळ नसलेली विधवा माहेरी, पारोळ्याला. शीतलने घागर उचलली, मोरीत नेली आणि त्या पाण्याने भांडी घासायला बसली.

“वहिनी, हाई काय करं? पितरसनं पाणी शे!” जितेंद्र ओरडला.

“त्या पाणीमाच शेतस. हाई माले भांडासले लागस.”

ते तर पाण्यातच आहेत, हे पाणी मला भांड्यांना लागते, असे तिचे म्हणणे. मी हसले. अशा वेळी मी हसले, हे जितेंद्र अजून विसरलेला नाही. संध्याकाळी त्याने तिची पेटी ओट्यावर आणून ठेवली. मी तिला घेऊन धुळ्याला आले. तेव्हापासून ती इथे राहते, शिवणकाम करते, कुंकू लावते. गल्लीतल्या बायका कुंकवाचे मला विचारतात. मी सांगते, कपाळ तिचे आहे.

३. जितेंद्रला माझा जाडजूड इंग्रजी शब्दकोश द्यावा. त्याला इंग्रजी येत नाही. पण अक्काने काहीच दिले नाही, असे त्याला म्हणता येऊ नये.

४. सात वर्षे खबर नसलेला माणूस कायद्याने मेलेला धरता येतो. तसा अर्ज करायचा की नाही, हे शीतल ठरवील. तिने कुंकू ठेवले, पुसले किंवा दुसरे लग्न केले, तरी तिच्या हक्काला बाध येणार नाही. मला विचाराल, तर पितांबर गेला असेच मी मानते. त्याला शोधायला मी गेले होते. समुद्र पाहिला, किनाऱ्यावर बसले आणि परत आले. हे मी शीतलला कधी सांगितले नाही. आता वाद घालायचे त्राण नाही.

५. तरीही तो परत आलाच, तर बहिणीचे घर म्हणून त्याने सरळ आत शिरू नये. घर शीतलचे आहे. दारात थांबून तिला हाक मारावी, आणि ती ये म्हणेपर्यंत उभे राहावे.

अंमलबजावणी वकील अहिरे यांनी करावी. वरचा प्रत्येक शब्द मी पुन्हा वाचला. एकही मागे घेण्यासारखा वाटला नाही. खालील दोघांच्या समोर सही केली, त्यांनी माझ्या समोर केली.

सही: ज्योत्स्ना लोटन भोई

साक्षीदार:
१. शालिग्राम पाटील, शेजारी, देवपूर
२. बिजलीबाई पावरा, कार्यालयातील जुन्या सहकारी

ठिकाण: धुळे
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५