बंबाला पंखा नसतो

२ मार्च १९५३, धार

देवासला निघालेली गाडी घाटाबिल्लोदच्या अलीकडेच उकळली आणि खापर माझ्यावर. म्हणे अक्कांनी सामान फार घेतलं. विहीणबाईंना द्यायचा पाटा-वरवंटा, डिंकाच्या लाडवांचा डबा, दोन गाद्या आणि मी. यात फार काय? मोटर बैलांच्या मागे बांधून घरी आणली. सगळ्या गावाने पाहिली.

श्रीगजानन प्रसन्न. नव्या वहीत हे आधी लिहायचं असतं. पण गाडीच्या काचेवर तोच चिकटवला होता, त्याने काय दिवे लावले?

३ मार्च

कुसुम माझी नात, देवासला दिलेली. सातवा चालू. पहिलं बाळंतपण माहेरी, माझ्या हाताखाली. तिची सासू राजाबाई म्हणाली होती, बसने न्या, सकाळी बसली की दुपारी धारला. मी म्हटलं, दारात मोटर असताना नात बसने? संस्थान गेलं तेव्हा गाडीखान्यातली ही मोटर माझ्या गोपाळने लिलावात घेतली, ती काय कोंबड्यांना बसायला? सूनबाई सीता, म्हणजे कुसुमची आई, खोली सारवायला लागलीसुद्धा. उतावीळ बाई.

२५ तारखेला आठवा लागतो. आठव्यात प्रवास नाही. म्हणजे बावीस दिवस. पुष्कळ झाले.

५ मार्च

विठोबा मिस्त्री आला. पूर्वी गाडीखान्यातच होता. दोन बोटांनी पंख्याचा पट्टा हलवून म्हणाला, ढिला आहे, आवळला की काम खतम. दहा मिनिटं. इतक्या लवकर निदान करणाऱ्याचा मला भरवसा नाही.

विचारलं, पंखा कशाला? म्हणे इंजिन गार ठेवायला. मी चाळीस वर्षं चूल पेटवते आहे. विस्तवाला वारा घातला की विस्तव फुलतो, हे पोरीबाळींना कळतं. आणि आमचा न्हाणीघरातला बंब? आत विस्तव, भोवती पाणी, तीच रचना. त्याला कुणी पंखा लावलाय?

मी पुरुषांच्या कामात बोलत नाही. एवढंच म्हटलं की पट्टा काढून टाका. गोपाळने काढला. माळ्यावर ठेवला.

७ मार्च

नालछा गावापर्यंत न्यायची म्हणून काढली. अर्ध्यातच उकळली. म्हणजे दोष पंख्याचा नव्हताच. पट्टा काढला म्हणून तर हे कळलं. विठोबा म्हणतो, अक्कासाहेब, त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप पण फिरतो, पाणी आता जागच्या जागी बसून राहतं. बंबातलं पाणी कोण फिरवतं, मी विचारलं. त्याने विडी पेटवली.

९ मार्च

सापडलं. क्षार! आमच्या विहिरीच्या पाण्याने बंबाला पांढरा थर धरतो तसा गाडीच्या पुढच्या जाळीतल्या पाण्याच्या नळ्यांना धरला असणार. दोन शेर चिंच कोळून आत ओतली. संध्याकाळी सोडलं तर तांबडा गाळ बादलीभर. विठोबाला मान डोलवावी लागली. मी दुसरी पास. तो तर शाळेतच गेला नाही.

११ मार्च

जाळी चार ठिकाणी गळते. विठोबा म्हणतो, भोकं जुनीच होती, थराने बुजली होती. म्हणजे लपलेला रोग मी उघडा केला. याबद्दल घरात कुणी एक शब्द काढला नाही.

१३ मार्च

हळद. विठोबानेच सांगितलं, लांबचे डायवर चिमूटभर टाकतात, गळती बंद होते. चिमूटभर? मी अर्धा शेर टाकली. हात आखडणारं घर नाही हे. गळती थांबली, एक थेंब नाही. विठोबा म्हणाला, आता पाणी बाहेर पण येत नाही आणि आतून पण फिरत नाही. याला कशानेच समाधान नाही.

१६ मार्च

पाडवा. गाडीला हार घातला. राजाबाईचं कार्ड आलं: जावई यशवंतराव रविवारी सुट्टीवर आहेत, कुसुमला बसने पोचवतील. सीता म्हणाली, येऊ द्या ना अक्का. तिचे डोळे भरले. मी उलट टपाली कळवलं, पाठवू नये, मोटर निघाली आहे.

निघेलच.

१९ मार्च

बेटमापर्यंत गेलो. ही प्रगती आहे. मागच्या खेपेपेक्षा पुष्कळ पुढे. परत आलो तेव्हा सीतेने जेवण वाढलं आणि पुन्हा खोली सारवायला गेली.

२१ मार्च

गोपाळ परस्पर विठोबाकडे गेला. दोघांचं ठरलं, पट्टा परत बसवायचा. माळ्यावर पाहिलं तर उंदरांनी कुरतडलेला. उंदरांना मी सांगितलं नव्हतं. नवा इंदूरहून यायला चार दिवस. चार दिवस कोणाकडे आहेत?

२४ मार्च, देवास

पहाटे निघालो, दिवेलागणीला पोचलो. अकरा वेळा थांबलो. रस्त्यातल्या विहिरी मला आता तोंडपाठ आहेत. इंदूरच्या अलीकडे फार वाफ झाली तेव्हा मी सांगितलं, जाळीचं झाकण काढ, डाळ उतू जाते तेव्हा काय करतो आपण? गोपाळने काढलं. उजवा हात मनगटापर्यंत भाजला. त्याने फडकं जाड घ्यायला हवं होतं.

राजाबाईच्या दारात गाडी तापून लाल, म्हणून मी विहिरीचं गार पाणी वरून ओतायला लावलं. आतून टक्क असा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही.

२५ मार्च

इथला मिस्त्री म्हणतो इंजिनाला तडा गेला. राजाबाईने पंचांग दाखवलं. आठवा लागला, आता पोरगी हलायची नाही. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. कुसुम उंबऱ्यात बसली होती.

"अक्का, पाडव्याला माझी पेटी बांधून झाली होती," ती म्हणाली. "मला आईपाशी जायचं होतं. मोटर नको होती."

या दिवसांत मुली हळव्या होतात. मी तिला लाडू दिला. तिने हातात धरून ठेवला.

२६ मार्च

गोपाळ म्हणतो, आपण बसने परत जाऊ. बस मिळते म्हणे रोज सकाळी. मी जाणार नाही. बाळंतपण माझ्या हाताखाली व्हायचं ठरलं होतं, मग ते कोणाच्या का घरी होईना. राजाबाईने मला भाजी निवडायला दिली आहे.

२९ मार्च

सीतेचं कार्ड आलं. तिला अजून काही माहीत नाही. लिहिते, खोली तयार आहे, पाळणा धुऊन वाळवला, कुसुमला घेऊन कधी निघता?

याचं उत्तर गोपाळने लिहायचं. गाडी त्याची आहे. उजवा हात बांधलेला असेल तर डाव्याने लिहावं.