चौथ्या ट्रंकेतला पाय

४ मे
सरांचा फोन. बाळांच्या वजनाचा अभ्यास संपून पाच वर्षं झाली, फॉर्म ठेवायची मुदत भरली. शेणवे गावातल्या खोलीतल्या चारही ट्रंका कागदाच्या लगद्याला जाणार. शुक्रवारी टेम्पो. सुटले एकदाची! उंदरांशी भांडून जीव गेला माझा.

५ मे
पाड्यावरची मंजी आली. तिची जन्मून चौथ्या दिवशी गेलेली पोर आमच्या अभ्यासात होती. ओळखीसाठी प्रत्येक बाळाच्या डाव्या पावलाला शाई लावून फॉर्मवर ठसा घ्यायचो. तिला तो कागद हवाय. म्हटलं, नावांची यादी तेव्हाच जाळली, नियमच तसा. आता नुसते नंबर. नावाशिवाय शोधू कशी?
"नाव कुठं ठेवलं व्हतं, ताई? पाचवीच्या आदीच गेली. पाय तेवढा घेतला तुमी."
फोटो नाही, दाखला नाही, काहीच नाही तिच्याकडे. तरी हाकलली. वर सुनावलं, "तेव्हा दवाखान्यात न्यायचं सुचलं नाही, आता कागद सुचला?" जीभ झडो माझी.

६ मे
पुन्हा दारात, भाकरी बांधून. सरांना विचारलं. "एकीला दिलात तर सगळा पाडा येईल. गोपनीयता असते, मॅडम." कोणापासून? आईपासून? राग आला, ट्रंक उघडून दिली. बस म्हटलं, शोध. मंजी जमिनीवर बसून एकेक पाय बघतेय.

७ मे
तीन ट्रंका झाल्या. म्हणते, "करंगळी बाजूच्या बोटावर चढलेली व्हती, मी वळखीन."
लिहूनच टाकते. ती पोर वळवळली होती, ठसा फिसकटला. फिसकटलेला फॉर्म ऑफिसात घ्यायचे नाहीत. आठवड्याने परत गेले तर पोर गेलेली. शेजारच्या झोळीत एक बाळ झोपलं होतं. त्याचा पाय लावला तिच्या नंबरावर. घरोघर फॉर्म भरणाऱ्या आम्ही सगळ्याच करायचो असं. खराब कागद चुलीत.
म्हणजे मंजीच्या पोरीचा पाय या खोलीत नाहीच. हे मला परवापासून माहीत आहे. तरी तिला शोधू दिलं, वर चहा पाजला. किती नालायक असावं माणसानं!

८ मे
टेम्पो आला. तीन ट्रंका चढल्या. तेवढ्यात मंजी ओरडली, "गावली गो बाय, गावली!"
करंगळी खरंच चढलेली. मी फॉर्म उलटून बघितला. मुलगा. दीड वर्षापर्यंतची वजनं, प्रत्येक वेळी वाढलेली. आता शाळेत जात असेल.
मंजीला वाचता येत नाही. त्या पावलावर गाल टेकून बसली होती. मग मान वर केली. "हीच ना, ताई? तुमीच घेतला व्हता पाय."
ड्रायव्हर चहाला गेलाय. मी नोंदी करते म्हणून ही वही उघडून बसलेय. मंजी चौथ्या ट्रंकेवर बसून माझ्या तोंडाकडे बघतेय. पुन्हा विचारलं तिने आत्ता.