उगवतीला ढग नव्हता

१२ नोव्हेंबर २००८, बुधवार

आप्पा, आज सकाळी नदीवर धुकं होतं, ते नऊला विरलं. दुपारी ऊन होतं, वारा नव्हता. मी दौंडच्या शाळेतून अर्धी रजा घेऊन आले, कारण वस्तीवर मेंढरं धुवायची होती. उद्या कातरणी आहे. आता दोनच घरांकडं मेंढरं उरली आहेत, बाकीच्यांनी ऊस धरला. टीव्हीवर पुढचे चार दिवस कोरडे सांगितलेत. कुणी मान वर करून आकाशाकडं बघितलंसुद्धा नाही.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. आज लिहायला बसले ती काकूमुळं. तिची नवी सून मेंढरू धरून गुडघाभर पाण्यात उभी होती. काकू काठावरून ओरडली, "तुझं ते दिस न्हाईत ना गं? आत्ताच सांग. मागं एकीनं तसल्यात मेंढरं धुतली, आन् पाऊस येऊन समदी गारठून मेली." सुनेनं विचारलं, "कोण एकी?" काकूनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हुती एक." म्हणजे माझ्या आईचं नावसुद्धा राहिलं नाही. ती 'एकी' झाली. हे तुम्ही केलंत, तिच्या नवऱ्यानं.

त्या वर्षी मी अकरावीला होते. दिवाळी होऊन गेली होती. आपल्या वस्तीला सगळ्या वर्षात कार्तिकातल्या हवेचीच खरी भीती असायची. आदल्या दिवशी मेंढरं नदीत धुवायची, दुसऱ्या दिवशी कातरायची, आणि पुढं चार-पाच दिवस ऊन मिळालंच पाहिजे. लोकर उतरलेल्या मेंढरावर गार पाऊस पडला तर ते टिकत नाही. म्हणून कातरणीचा दिवस तुम्ही द्यायचा. सूर्य उगवायच्या आत ओट्यावर उभं राहून उगवतीला काळी कड आहे का ते तुम्ही बघायचा. उजाडल्यावर ती कड दिसत नाही, असं तुमचं म्हणणं. बाकीची वस्ती उठून यायची तोवर तुमचं ठरलेलं असायचं.

त्या सकाळी तुम्ही उद्याचा दिवस दिलात. मी म्हणाले, "आप्पा, रेडिओवर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झालाय म्हणाले. दोन दिवसांत पाऊस आहे." तुम्ही तंबाखू मळत होता. मान वर न करता म्हणालात, "त्या रेडिओकडं किती मेंढरं हायती?" सगळे हसले. काका म्हणाले, "कालेजात घातली तर पोरगी ढग हाकाया लागली!" तुम्हीही हसलात.

कातरणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी उगवतीचं वारं सुटलं. दिवे लागायच्या सुमाराला पाऊस आला आणि उजाडेपर्यंत थांबला नाही. सकाळी मेंढरं कोंडायच्या जाळीच्या आत ती एकमेकांवर चढून पडली होती. ऊब मिळावी म्हणून ती एकमेकांत घुसतात. वरची गारठून मेली, खालची गुदमरून. मी बघते तर आई चिखलात बसून एका मेंढीचे कान चोळतेय, आणि ती मेंढी केव्हाच गेलेली आहे. वस्तीच्या चारही घरची माणसं जमली. काका तुम्हाला म्हणाले, "आप्पा, दिवस तुमीच दिलता." तुम्ही आईकडं बोट केलंत. "दिवस बराबर हुता. हिनं बाजूला बसायचं सोडून मेंढरांना हात लावला. नदी बाटली, दुसरं काय!"

आईची पाळी थांबून दोन वर्षं झाली होती. मला माहीत होतं, कारण घरातलं धुणं मीच धूत होते. तुम्हालाही माहीत होतं. आईला खरं सांगायचं असतं तर दिरासमोर, चार पुरुषांसमोर ते तोंडानं म्हणावं लागलं असतं. ती मरेल पण म्हणणार नाही, हे ओळखूनच तुम्ही बोट केलंत. तिनं एकदा तुमच्याकडं बघितलं आणि पदर पुढं ओढला.

त्यानंतर तिला कुणी मेंढरांना हात लावू दिला नाही. कातरणीच्या दिवशी ती घरात दार लोटून बसायची. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं बंद झालं. पाबळचं एक आणि कासुर्डीचं एक, अशी मला दोन स्थळं आली, ती "त्याच घरची ना?" असं विचारून परत गेली. तीन वर्षांनी आई तापानं गेली. दहाव्याला तुम्ही लोकांना सांगत होता, "लई सोशिक बाई."

त्याच वर्षी तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पुण्याला नेते म्हटलं तर "चाकू नगं" म्हणालात. कार्तिकात लोक विचारायला येतच होते. मग पहाटे तुम्ही मला ओट्यावर उभं करायचा. "उगवतीला काय हाय गं?"

उगवतीला काही नसायचं. मी म्हणायची, "ढग आहे, आप्पा. काळा."

तुम्ही हाताची पालथी बाजू वाऱ्याला धरायचा. "वारं तर कोरडं लागतंय."

"मला दिसतंय ते सांगतेय."

मग तुम्ही लोकांना थांबवायचा, आणि आठवडाभर लख्ख ऊन पडायचं. मी खोटा पाऊस सांगितला, खोटं ऊन कधीच सांगितलं नाही. मेंढरांनी माझं काही वाईट केलं नव्हतं. मला तुमचा शब्द पाडायचा होता. एकदा तुम्हाला विचारलंही, "आईवर खोटं का घातलंत?" तुम्ही "आता काय त्येचं" म्हणून कूस बदललीत. चार माणसांत एकदा खरं बोलला असतात तर मी त्याच दिवशी थांबले असते. दुसऱ्या पहाटे मी पुन्हा ढग सांगितला. तिसऱ्या वर्षी विचारायला कुणी आलं नाही. धुतलेलं धोतर नेसून तुम्ही दुपारपर्यंत ओट्यावर बसून होता. शेवटी म्हणालात, "माझं शिकल्यालं कुठं गेलं गं?" मी आत भांडी घासत होते. मला बरं वाटलं. आजही आठवलं की बरंच वाटतं.

आज मी पाण्यातच उभी राहून सुनेला सांगितलं, "ती एकी म्हणजे माझी आई. तिची पाळी तेव्हा थांबली होती. आप्पांना माहीत होतं, तरी ते खोटं बोलले." सोळा वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं. मला वाटलं, आता काकू गप्प होईल.

काकू म्हणाली, "मला काय सांगतीस? आमा समद्या बायकांना ठावं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आन् बोलून काय? आप्पांचा शबूद पडला असता, तर म्होरल्या साली दिवस कुणी दिला असता, तू?" मग सुनेकडं वळून म्हणाली, "बघत काय ऱ्हायलीस? धू, ऊन चाललंय."

म्हणजे तुम्ही एकटे नव्हता. तुम्हाला मी पुरती शिक्षा केली. बाकीच्यांना काय करू, ते मला कळत नाही. यातलं तुम्हाला माफ काही नाही.

एक मात्र लिहिते. तुम्ही सगळे हसलात त्या दिवशी झोपताना मी मनात म्हणाले होते, येऊ दे पाऊस, चांगला येऊ दे. आणि पावसानंतरच्या सकाळी तुम्ही आईकडं बोट केलंत तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. मीही बोलले नाही.

हे कुठं पाठवायचं नाही. कागद वहीत ठेवला. मेथी आणलेली होती, ती घेऊन निवडत बसले.